रविवारचं अर्पण आणि व्हिन्सेंट डी पॉलची मदत: दोन्ही एकच नाहीत

“दर रविवारी चर्चला देतोच की, मग व्हिन्सेंट डी पॉलवाल्यांना वेगळं कशाला?” वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या भाविकांच्या समाजात, हा प्रश्न नेहमी कानावर येतो. व्हिन्सेंट डी पॉल ही गरिबांना मदत करणारी भाविकांची संस्था. विचारणारा कंजूष असतो असं नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फिरणाऱ्या थैलीत टाकलेलं आणि गरिबांसाठीच्या पेटीत टाकलेलं, दोन्हीला आपण ‘चर्चला दिलं’ असंच म्हणतो, तिथे घोळ होतो.

आधी थैलीचं बघू. अर्पणाच्या वेळी जमलेला पैसा धर्मग्रामाचा. वीजबिल, छपराची डागडुजी, नोकरांचे पगार, धर्मशिक्षणाची पुस्तकं, धर्मगुरूंचा निर्वाह हे सगळं त्यावर चालतं. १९८३ च्या कॅनन कायद्याप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्वतःच्या कायद्याप्रमाणे, प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावीच लागते (कलम ५३७), आणि भाविकांनी जे दिलं त्याचा हिशेब भाविकांपुढे ठेवायचा असतो (कलम १२८७). कलम १२६७ तर मला फार मोलाचं वाटतं: ज्या कारणासाठी दिलं, त्याच कारणासाठी खर्च करायचं. पूरग्रस्तांसाठी म्हणून गोळा झालेल्या रकमेतून सभागृहाला रंग लावता येत नाही.

मुळात रविवारच्या अर्पणात गरिबांचा मोठा वाटा होता. इ.स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिताना संत जस्टिन सांगतात की, ऐपत असलेले आपापल्या मर्जीने देत, ते उपासना चालवणाऱ्याकडे जमा होई आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावचे पाहुणे यांची काळजी घेई. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलासियस यांनी चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे सांगितले: बिशप, धर्मगुरू, गरीब आणि इमारत. म्हणजे तोवर गरीब चौघांतले एक झाले होते.

व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची सुरुवात मात्र पैशातून झालीच नाही. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विशीतल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या मित्रांना विरोधकांनी डिवचलं: तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, ते दाखवा. ही मुलं रोझाली रांदू या सिस्टरांकडे गेली. या सिस्टर पॅरिसच्या मूफतार या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करत होत्या. त्यांनी या मुलांना गरिबांची घरं दाखवली, त्या घरांत कसं वागायचं ते शिकवलं. घरी जाऊन भेटणं हाच आजही या संस्थेचा गाभा आहे. संस्थेच्या प्रत्येक शाखेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि ती चालवणारे सभासद सामान्य भाविक असतात, धर्मगुरू मार्गदर्शन करतात.

ही भेट कशी होते, तेही सांगायला हवं. दोघं मिळून जातात. आधी बसतात, बोलतात. औषधं वेळेवर मिळतात का, पोरगी शाळेत जाते का, घरभाडं किती थकलंय, हे गप्पांतून कळतं. मग तांदूळ, तूरडाळ, तेल पोचवायचं की फीची सोय करायची, हे कॉन्फरन्सच्या बैठकीत ठरतं. घर कुठल्या धर्माचं, हा प्रश्न तिथे नसतो. बैठकीतच गुप्तदानाची पिशवी फिरते: प्रत्येक सभासद मूठ मिटून हात आत घालतो, म्हणजे कोणी किती टाकलं, की काहीच टाकलं नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. देणाऱ्याची लाज आणि घेणाऱ्याची लाज, दोन्ही सारख्याच जपायच्या, हे ज्यांना सुचलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कॅनन कायद्याच्या कलम २२२ मध्ये दोन पोटकलमं आहेत. पहिलं म्हणतं, चर्चच्या गरजा भागवायला हातभार लावा. त्यात उपासना आणि सेवकांच्या निर्वाहाबरोबर दानधर्माची कामंही येतात. दुसरं म्हणतं, सामाजिक न्यायासाठी झटा आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना मदत करा. थैलीत टाकून पहिलं पाळलं, म्हणून दुसरं सुटत नाही. उलट, ‘मी गरिबांना परस्पर देतो, चर्चला कशाला?’ असं म्हणणाऱ्यालाही पहिलं पोटकलम लागूच आहे. छप्पर गळायला लागलं तर पाणी सगळ्यांच्याच डोक्यावर पडतं.

देवाने दिलेल्याचे आपण मालक नाही, कारभारी आहोत, असं प्रवचनांत ऐकतो. त्या दिलेल्यात पैसा येतो तसा वेळही येतो, आणि इथे थैली आणि कॉन्फरन्स यांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. थैलीला नोट पुरते. कॉन्फरन्सला मात्र संध्याकाळी तासभर मोकळा ठेवणारा माणूस लागतो, आणि माझ्या मते आज धर्मग्रामांत खरी टंचाई याच माणसांची आहे. निवृत्त शिक्षक, बँकेत काम केलेले, नर्स राहिलेल्या मावश्या यांनी तर जरूर जावं; अर्ज भरणं, डॉक्टरांची चिठ्ठी वाचून समजावणं यांची गरज शिधापिशवीइतकीच असते.

सभासद व्हायला जमत नसेल, तर निदान आळीतलं अडलेलं घर कॉन्फरन्सच्या अध्यक्षांच्या कानावर घाला. अडचणीतली बरीच माणसं स्वतःहून चर्चच्या ऑफिसची पायरी चढत नाहीत.