सिकलसेल: रक्त आधी तपासलं, पोरांना कधी विचारलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सिकलसेलवाल्या, म्हणजे आईबापांकडनं येणारा रक्ताचा आजार असलेल्या पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी बोलून अभ्यास करायचा म्हटलं की मागचं थोडं माहीत पाहिजे, कारण या आजाराचा इतिहास बघितला तर तो सगळा रक्त तपासण्याचाच आहे, माणसं त्यात फार उशिरा आली.

1910 मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिकनी ग्रेनाडाहून डेंटिस्ट व्हायला आलेल्या एका पोराच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्याचं छापलं. 1949 ला अमेरिकेतले शास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या टीमनं दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे म्हणून दाखवलं, आणि आपल्याकडं 1952 ला निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडला. पण सहा-आठ महिन्यांच्या बाळाचे हातपाय अचानक सुजतात, डोळे पिवळे होतात, रात्री पोरगं पोटऱ्या धरून ओरडतंय तेव्हा घरात काय चालतं, हे त्या पेपरांत शोधून मिळत नाही.

याला एक साधं कारण पण आहे, पोरं जगतच नव्हती. लहानपणीच इन्फेक्शननं जायची. 1986 ला अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये दिसलं की रोज दोनदा पेनिसिलिन दिलं तर हे इन्फेक्शन खूपच कमी होतंय, मग दुखणं कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधाचा 1995 चा रिझल्ट आला, आणि पोरं मोठी व्हायला लागली तसे शाळा, नोकरी, लग्न हे प्रश्न पुढं आले. 2000 च्या आसपास ब्रिटनमध्ये कार्ल ॲटकिन आणि वकार अहमद हे संशोधक आईबापांशी बोलले, नंतर सायमन डायसननी शाळेतल्या पोरांना विचारलं. वर्गात पाणी पिऊ देत नाहीत, टॉयलेटला सोडत नाहीत, दमलं की आळशी म्हणतात, असं पोरांनी सांगितलं, आणि टीचरला आजार माहीत असला तरी वागणूक सुधारतेच असं नाही हेही त्यात निघालं. मला तरी हे कुठल्याही रक्ताच्या रिपोर्टपेक्षा कामाचं वाटतं.

भारतात जोर राहिला तपासणीवर. जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, आदिवासी भागातल्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2047 पर्यंत आजार संपवायचा. गावात सोल्युबिलिटी टेस्ट होते, थेंबभर रक्त नळीत घालायचं आणि मागं धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पुढच्या टेस्टला पाठवायचं. एवढं झालं की घरी सुरू होतं, कुणाकडनं आलं हे? बोट बहुतेक सुनेच्या माहेराकडं जातं, खरंतर पोराला आजार होतो तो आई आणि बाप दोघांकडनं दोष आला तरच, आणि दोघंही वाहक (दोष अंगात आहे पण स्वतःला आजार नाही) असले तर दर बाळंतपणाला 25 टक्के शक्यता असते.

आपल्या भागात अजून एक भानगड. बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं, त्यामुळं अशी तपासणी त्यांच्या वस्तीवर पण जाणार, आणि पूर्वज आफ्रिकेतले म्हणून लगेच 'हा सिद्दींचा आजार' म्हणून शिक्का बसायची भीती आहे. निलगिरीपासून विदर्भापर्यंत ज्यांचा सिद्दींशी काय संबंध नाही अशा घरांत तो आहे, आणि भारतातल्या बहुतेकांचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळाच आहे.

म्हणून इथं काम करणाऱ्यानं फॉर्म कन्नडमध्ये आणि आई मराठी बोलणारी, असं करू नये, बाप गोव्याला कामाला असेल तर तो सुट्टीला येईपर्यंत थांबावं, आणि पोराशी थोडा वेळ तरी एकट्याशी बोलावं, आई शेजारी बसली की ते 'काय नाही, बरं आहे' म्हणूनच सांगणार.