पोटातला गोळा आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट

मृग कोरडा गेला आणि दुबार पेरणीची वेळ आली, की ‘पोटात गोया उठते’ ही तक्रार वऱ्हाडातल्या ओसरीवर नवी नसते. घास उतरत नाही, सकाळी दोन-तीनदा परसाकडे धावावे लागते आणि बेंबीभोवती पीळ पडतो. एसटीने तालुक्याला जाऊन केलेली सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येते, डॉक्टर ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणतात आणि रिपोर्टची कॅरीबॅग खुंटीला लागते. दुखणे मात्र जिथल्या तिथे राहते. या ‘काही नाही’ला वैद्यकशास्त्राचा इतिहास दुजोरा देत नाही.

मापात खाल्लेले पथ्याचे अन्नसुद्धा चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे पचत नाही, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात स्पष्ट म्हटले आहे. त्याच ग्रंथात अतिसाराचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत भयामुळे होणारा आणि शोकामुळे होणारा असे दोन स्वतंत्र मोजले आहेत. पाश्चात्त्य वैद्यकाला याचा डोळ्यांदेखत पुरावा मिळाला तो एका अपघातातून. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार लागला. जखम भरली, पण जठराकडे जाणारे भोक कायम राहिले. विल्यम बोमाँ या लष्करी डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षे पचन पाहिले आणि रागाचा जठरावर परिणाम होतो, अशी नोंद 1833 च्या आपल्या ग्रंथात केली. (त्या तरुणाला हे भोक मिरवण्याची हौस नव्हती, तो अधूनमधून निघून जाई, हेही समजण्यासारखे आहे.)

क्ष-किरणांचा शोध लागून दोनच वर्षे झाली असताना, हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरांना बिस्मथ (क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य) मिसळलेले अन्न देऊन जठराच्या हालचाली पडद्यावर पाहायला सुरुवात केली. मांजर बिथरले की लाटा थांबत आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. पुढे 1936 मध्ये हान्स सेल्ये यांना निरनिराळ्या प्रकारे छळलेल्या उंदरांच्या जठरात व्रण आढळले. त्यानंतर अल्सर म्हणजे ताणाचाच आजार, असे समीकरण रूढ झाले आणि इथेच गाडी रुळावरून घसरली, असे मला वाटते. कारण 1982 मध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरात वाढणारा जीवाणू शोधून काढला, अल्सर अँटिबायोटिकने बरा होऊ लागला आणि ताणाची सगळीच कथा खोटी ठरल्यासारखे वातावरण झाले.

वास्तविक, ज्या पोटात व्रणही नाही आणि जंतूही नाही त्याच्या दुखण्याचा धागा तोवर वेगळ्याच प्रयोगांतून हाती आला होता. 1973 मध्ये जेम्स रिची यांनी मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा ठेवून तो हवेने फुगवला. सुमारे 60 मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी फारच थोड्यांना दुखले, तर आयबीएसच्या (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासणीत बिघाड न दिसता पोट दुखणे आणि शौचाची घडी विस्कटणे) निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखले. आतडे तेच, हवाही तेवढीच, पण वेदनेचा उंबरठा खाली आलेला. सोनोग्राफी आतड्याचा आकार दाखवते, हा उंबरठा दाखवत नाही.

ताण त्या उंबरठ्यापर्यंत कसा पोहोचतो, याचा एक दुवा 1981 मध्ये वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूतून वेगळ्या केलेल्या सीआरएफ या ताणाचा निरोप पोहोचवणाऱ्या रेणूने दिला. ताणात तो सुटला की जठर रिकामे होणे मंदावते आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून एकाच माणसाची भूक मरते आणि त्यालाच परसाकडे धावावे लागते. शिवाय आतड्याच्या आवरणातील मास्ट पेशी (रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या पेशी) ताणात हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात आणि त्यांमुळे शेजारचे वेदनातंतू अधिक हळवे होतात. हे दुखणे मनाचा खेळ नसून मज्जातंतूंचे आहे. 2016 च्या रोम निकषांनी (पचनसंस्थेच्या अशा दुखण्यांच्या निदानासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) या आजारांना ‘आतडे-मेंदू परस्परसंबंधांतील बिघाड’ असे नाव दिले, ते याच आधारावर.

या निकषांप्रमाणे आयबीएसचे निदान मुख्यतः लक्षणांवरून होते. मात्र शौचातून रक्त पडणे, कारण नसताना वजन घटणे, दुखण्याने रात्री झोपमोड होणे किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, या गोष्टी ताणाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. तिथे पुढच्या तपासण्या कराव्याच लागतात.