बंदरावरचे निरोप: मुंबईतल्या मिशनऱ्यांच्या येण्याजाण्याची पार्श्वभूमी

घरातून निघताना आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. चुकून ‘जातो’ निघालंच तोंडातून, तर घरातलं म्हातारं माणूस तिथल्या तिथे दुरुस्त करतं. मुंबईत दोनशे वर्षांपूर्वी उतरलेल्या परदेशी मिशनऱ्यांबद्दल वाचताना मला हा ‘येतो’ सारखा आठवतो, कारण घर सोडताना तो म्हणायची त्यांना सोयच नव्हती. ते निघाले होते ते न परतण्याच्या बोलीवर. पुढे बोटी वेगवान झाल्या, रजा मिळू लागल्या, ‘येतो’ म्हणणं परवडू लागलं. एक निरोप मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं तितकाच जड राहिला. त्याच्याकडे येईनच.

अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावातली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी तिथल्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली आणि त्याच महिन्यात दोन जहाजांतून ती मंडळी पूर्वेकडे निघाली. कलकत्त्याला पोचतात तोच ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. कंपनीला व्यापारात धर्माची कटकट नको होती, त्यातच अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध पेटलेलं. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट कसेबसे दुसरं जहाज गाठून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. इथेही हद्दपारीचा हुकूम मागे लागलाच. मध्यंतरी दोघं गुपचूप कोचीनकडे निसटले आणि परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन मनानं मवाळ, आणि कंपनीच्या १८१३ च्या सनदेनं मिशनऱ्यांना हिंदुस्थानाचं दार किलकिलं केलं, म्हणून त्यांचा मुक्काम टिकला. नॉट प्रकृतीपायी १८१५ मध्ये परत गेले. हॉल राहिले.

त्याच तुकडीतल्या सॅम्युएल न्यूएल यांची बायको हॅरिएट मुंबईपर्यंत पोचलीच नाही. जहाजावर बाळ जन्मलं आणि गेलं, पाठोपाठ मॉरिशसमध्ये तीही गेली. वय १९. न्यूएल सिलोनमार्गे १८१४ मध्ये मुंबईत आले, दुसरं लग्न केलं आणि १८२१ मध्ये पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेले. त्यांच्या विधवेनं, फिलोमेला यांनी, पुढच्याच वर्षी मिशनच्या छापखान्याचे प्रमुख जेम्स गॅरेट यांच्याशी लग्न केलं. आज कुणाला ही घाई वाटेल. पण परक्या मुलखात एकट्या बाईपुढे वाटा दोनच: मिळेल त्या जहाजानं घरी जाणं, नाहीतर इथेच पुन्हा संसार मांडणं. मुंबईच्या इंग्रजांत तर जुनी म्हणच होती की इथे माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं.

अशा दिवसांत रोजचं जगणं कसं होतं? सकाळ शास्त्रीबुवांची. आधी मराठी, मग बाकी सगळं. भाषा आल्याशिवाय बाजारात तोंड उघडायची सोय नव्हती, आणि आल्यावरही लोक व्याकरणाला हसत ते वेगळंच. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले ते मुंबईत घर मांडायच्या आधी कोकणात बाणकोट-हर्णैला मराठी शिकायला गेले. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. दुपार शाळांची: हॉल आणि मंडळींनी पहिली मराठी शाळा १८१५ मध्ये काढली, १८२४ मध्ये मुलींची. विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही आल्या आल्या मुलींना शिकवायला घेतलं; गावदेवीच्या सेंट कोलंबा शाळेचं मूळ तिथे सापडतं. बाकीचा वेळ छापखाना आणि भाषांतर. मराठी नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला. याच अमेरिकन मिशन छापखान्यात पुढे जावजी दादाजी हे पोर कामाला लागलं आणि टाइप पाडायची कला शिकून बाहेर पडलं; निर्णयसागर हा नावाजलेला छापखाना त्याचाच.

संध्याकाळी वादविवाद. हिंदू धर्माची बाजू मांडणाऱ्या मोरभट दांडेकरांशी विल्सन यांचा १८३१ मध्ये झालेला वाद गाजला. विष्णुबुवा ब्रह्मचारी तर १८५७ मध्ये मिशनऱ्यांना थेट समुद्रकिनाऱ्यावर गाठत, आणि ऐकायला मोठी गर्दी जमे. ज्या समुद्रावरून पाद्री आले त्याच्याच काठावर बुवा त्यांची झडती घेत होते, हे चित्र मला फार आवडतं. दोन्ही बाजूंना मराठी फर्डी येत होती, हे त्यातलं खरं.

आणि पत्रं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केपला वळसा घालून येणाऱ्या गलबताला चार-पाच महिने, कधी त्याहून जास्त. म्हणजे ‘आईची तब्येत कशी आहे’ असं विचारलं तर उत्तर यायला वर्ष सरे. मराठीत निरोप म्हणजे सांगावाही आणि ताटातूटही. या माणसांच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच लखोट्यातून येत.

गॉर्डन हॉल यांचा शेवट या सगळ्याचा कळस. इंग्लंडहून आलेल्या मार्गारेट लुईस यांच्याशी त्यांचं मुंबईत १८१६ मध्ये लग्न झालं. मुलं आजारी पडू लागली तेव्हा १८२५ मध्ये मार्गारेट दोन मुलग्यांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. हॉल यांनी काम सोडलं नाही. ते बंदरावरून मागे फिरले. वाटेत एक मुलगा समुद्रावरच दगावला. पुढच्या मार्चात हॉल नाशिककडे दौऱ्यावर गेले. तिथे पटकीची साथ होती. जवळचं औषध वाटून संपलं. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि २० मार्च १८२६ रोजी एका देवळाच्या ओसरीवर त्यांनी प्राण सोडला. सोबत होती ती दौऱ्यावर बरोबर आलेली दोन पोरं. पुरायला पेटी नव्हती. घरच्यांना ही बातमी कित्येक महिन्यांनी समजली असणार. त्या मधल्या महिन्यांत आपण विधवा झालो आहोत हे मार्गारेट यांना माहीतच नव्हतं. हॉल यांचं मिशनकार्य नावाजलं गेलं, त्यांच्यावर लिहिलंही गेलं. मला मात्र बंदरावर उभा राहिलेला तो बाप जास्त दिसतो.

सिंथिया फरार यांच्यासारख्या एकट्या बाईला हा एक जाच नव्हता. लग्न न करता १८२७ मध्ये त्या मुंबईत आल्या. अमेरिकन बोर्डानं, म्हणजे हे मिशन चालवणाऱ्या संस्थेनं, समुद्रापार धाडलेल्या अशा पहिल्या काही बायकांपैकी त्या एक. पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा त्यांनी चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या पाहिल्या, सावित्रीबाईंनी तिथे अध्यापनाचे धडे घेतले. १८६२ मध्ये नगरलाच त्या वारल्या.

आगबोट आली आणि गणित बदललं. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून सुटून महिनाभरात सुएझला लागली. तिथून उंटाच्या नाहीतर गाडीच्या वाटेनं भूमध्य समुद्र. जॉन विल्सन जानेवारी १८४३ मध्ये याच लाल समुद्राच्या वाटेनं रजेवर मायदेशी गेले आणि बरोबर धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाला घेऊन गेले. धनजीभाईंचा १८३९ मधला बाप्तिस्मा मुंबईत मोठं वादळ उठवून गेला होता, प्रकरण कोर्टात पोचलं होतं. त्यांनी मागे टाकलं ते घर कायमचं तुटलेलं होतं. म्हणजे ‘येतो’ न म्हणता निघणं आता इथल्या माणसाच्याही वाट्याला आलं. मिशनऱ्यांच्या त्यागावर लिहिणारे हे सहसा विसरतात. धनजीभाई एडिंबरात १८४६ मध्ये पाळक झाले आणि परत आले.

विल्सन यांच्याच दारात १८६४ च्या जूनमध्ये आफ्रिकेत फिरणारे मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन आले. झांझिबारहून ‘लेडी न्यासा’ ही लहानशी आगबोट स्वतः हाकत पंचेचाळीस दिवसांत त्यांनी मुंबई गाठली होती. सोबतच्या चुमा आणि विकटानी या आफ्रिकन पोरांना विल्सन यांच्या मिशनशाळेत ठेवून ते पुढे गेले. १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून पुन्हा आफ्रिकेला निघताना ही दोघं आणि नाशिकजवळच्या शरणपूरची, गुलामगिरीतून सुटलेली काही आफ्रिकन मुलं त्यांच्याबरोबर होती. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत चुमा होता.

आता तो जड निरोप. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास तीन-चार आठवड्यांवर आला. तरी मिशन बंगल्यातल्या मुलांना ठरावीक वयाला मायदेशी पाठवायची रीत चालूच राहिली. कारणं सांगितली जात ती हवेची आणि शिक्षणाची. न बोललेलं कारण वेगळं: मुलं आयाच्या कडेवर वाढत, इंग्रजीआधी मराठी बोलत, आणि हे आपल्या हातून सुटतंय अशी धास्ती आईबापांना वाटे. तिकडे लंडनजवळ मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये आणि मुलांसाठी १८४२ मध्ये खास वसतिशाळा निघाल्या होत्या. सहा-सात वर्षांचं पोर बोटीवर चढे ते पुन्हा भेटे तेव्हा त्याला मिसरूड फुटलेली असे. विल्सन यांचा अँड्र्यू असाच लहानपणी स्कॉटलंडला गेला. मोठेपणी तो मुंबईत आला तो वृत्तपत्रांचा संपादक म्हणून; वडिलांच्या वाटेला गेला नाही.

ह्यूम घराण्याचं उलटं झालं. रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ पासून मुंबईत होते. प्रकृती ढासळली म्हणून १८५४ मध्ये बायकामुलांसह अमेरिकेला निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. जहाज पुढे गेलं. मुंबईत जन्मलेले दोन मुलगे, रॉबर्ट आणि एडवर्ड, तिकडे शिकले आणि वीस वर्षांनी याच मुलखात परतले: थोरला नगरला, धाकटा मुंबईत भायखळ्याला. रॉबर्ट यांना दुष्काळातल्या कामाबद्दल कैसर-ए-हिंद पदक मिळालं. त्यांच्या बाबतीत परदेश नेमका कोणता, हे ठरवणं अवघड आहे.

१९०१ मध्ये कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली. मग हळूहळू मुलांना निरोप द्यायची जागा धक्क्यावरून रेल्वेच्या फलाटावर आली. सुट्टीत पोर घरी येऊ लागलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या आईबापांना हे स्वप्नच वाटलं असतं.

हा प्रवास एकाच दिशेचा होता असं मात्र नाही. मिशनऱ्यांच्या या लाटेच्या अडीचशे वर्षं आधी वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया किशोरवयातच जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांबरोबर जपानला गेला. पुढे मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघात गेला, दुभाषा म्हणून जपानला परतला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईच्या पट्ट्यात त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या येण्यावर बंधनं आली, कारभार इथल्या मंडळींकडे गेला. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रॉटेस्टंटांचं एकत्रित चर्च स्थापन झाल्यावर जुन्या मिशनांच्या बहुतेक मंडळ्या त्यात आल्या.

जाणाऱ्यांपैकी एकाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. जस्टिन अ‍ॅबट मिशनऱ्याचाच मुलगा, बालपण याच देशात गेलेलं. १८८१ मध्ये तो मुंबईत कामाला आला, १९१० मध्ये मुंबई सोडून न्यू जर्सीतल्या समिट गावी राहायला गेला. तिथे बसून त्यानं भानुदास, एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई असे एकेक संत इंग्रजीत आणले. १९३२ मध्ये तो वारला. महिपतीबुवांच्या ‘भक्तिविजया’चं भाषांतर त्याच्या माघारी, १९३३ मध्ये छापून आलं, त्यावर नावं दोन आहेत, अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले.