पार्श्वभूमी : कुटुंबवत्सल माणसाची नोंद

निधनवार्तेत ‘ते कुटुंबवत्सल होते’ हे वाक्य आता इतकं सरावाचं झालंय की त्यावर नजरही ठरत नाही. पण नव्वदी गाठलेला, आयुष्यभर घरासाठी राबलेला, कुठलंही पद न भूषवलेला माणूस चार ओळींच्या लेखी आठवणीला पात्र ठरतो, हे तसं अलीकडचं आहे. फार मोठा काळ लिहून ठेवलं जायचं ते पदांचं आणि पराक्रमांचं.

रोमचा स्किपिओ बार्बाटस इ.स.पू. २९८ मध्ये कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च पदाधिकारी, होता. त्याची दगडी शवपेटी आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या लेखात त्याने भूषवलेली पदं आहेत, जिंकलेली गावं आहेत, तो दिसायलाही गुणांइतकाच चांगला होता हेही आहे. बापाचं नाव आहे, कारण त्यावरून घराणं कळतं. बायको आणि मुलं मात्र कुठेच नाहीत. पुढच्या शतकांत साध्या रोमन लोकांनी, त्यात गुलामगिरीतून सुटलेलेही आले, आपापल्या माणसांसाठी दगड उभे केले तेव्हा चित्र पालटलं. कुणी कुणासाठी दगड बसवला, नवराबायकोचा संसार किती वर्षं तक्रारीविना चालला, हे त्यांवर सापडतं. वयं मात्र जपून वाचावीत. लहान मुलांची महिन्या-दिवसांसकट दिलेली असतात, तर म्हाताऱ्यांची बऱ्याचदा पाचाच्या पटीत. आपलं नेमकं वय किती, हे अनेकांना ठाऊकच नसायचं.

दीर्घायुष्याच्या आठवणीत हीच खरी मेख आहे. कागद नसेल तिथे वय फुगतं. इंग्लंडचा टॉमस पार १६३५ मध्ये लंडनमध्ये वारला तेव्हा तो १५२ वर्षांचा असल्याचं सांगितलं गेलं. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वीने त्याचं शवविच्छेदन केलं आणि पारला थेट वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. त्याचा जन्म १४८३ चा, असा दावा होता. पण बाप्तिस्मा, लग्नं आणि दफनं यांची वही प्रत्येक चर्चने ठेवावी, हा हुकूम इंग्लंडमध्ये निघाला १५३८ साली. म्हणजे दावा तपासायला कागदच नव्हता. दंतकथेप्रमाणे पारने पहिलं लग्न ऐंशीव्या वर्षी केलं आणि शंभरी ओलांडल्यावर परस्त्रीगमनाबद्दल चर्चमध्ये जाहीर प्रायश्चित्त घेतलं. कुटुंबवत्सल म्हणावं असं त्यात फारसं काही नाही; प्रसिद्धी मिळाली ती निव्वळ आकड्याला. विल्यम थॉम्स या अभ्यासकाने १८७३ मध्ये अशा दाव्यांची झडती घेतली आणि पारच्या वयाला पुरावा नसल्याचं दाखवून दिलं.

त्याच्या शेजारी जपानचे जिरोएमोन किमुरा ठेवून पाहा. जन्म १८९७, निधन २०१३, वय ११६. आजवर खात्रीने नोंदलं गेलेलं पुरुषाचं हे सर्वांत मोठं आयुष्य. नोकरी पोस्टात, निवृत्तीनंतर शेती, सात मुलं, पुढे नातवंडं-पतवंडं-खापरपतवंडं. इथे वय आणि गोतावळा दोन्ही कागदावर पक्के आहेत.

नियतकालिकं आली तरी साध्या घरधन्याला लगेच जागा मिळाली नाही. १७३१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेलं ‘जंटलमन्स मॅगझिन’ दर महिन्याला मृतांची यादी छापायचं, पण ती मुख्यत्वे हुद्देदारांची आणि जमीनदारांची. बाकीच्यांसाठी वाट उघडली ती पैसे भरून द्यायच्या जाहिरातींनी. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर मे १९६६ पर्यंत बातम्या नसत, छोट्या जाहिराती असत, जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सूचना त्यांतच. मजकूर घरच्यांचा आणि पैसेही घरच्यांचेच, त्यामुळे गेलेला माणूस त्यात घरच्यांच्या नजरेतून उतरू लागला. पण जागेला पैसे पडत असल्याने मजकूर आखूड आणि साच्यातला. ‘प्रेमळ पती व पिता’ हा साचा तिथे पक्का झाला, असं मला वाटतं.

सार्वजनिक पातळीवर बापाची आठवण काढायची, म्हणजे ‘फादर्स डे’ची, कल्पनाही मुलींकडूनच आली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगा इथे ६ डिसेंबर १९०७ रोजी कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन साडेतीनशेहून जास्त माणसं गेली. अनेक पोरं एका दिवसात पोरकी झाली. जवळच्या फेअरमाँटमध्ये ५ जुलै १९०८ ला वडिलांसाठी खास प्रार्थना झाली. तिची कल्पना मांडणाऱ्या बाईंचे वडील आधीच वारलेले होते. तो कार्यक्रम पुढे चालू राहिला नाही. स्पोकेन शहरातल्या सोनोरा स्मार्ट डॉड यांचा प्रयत्न टिकला. त्यांचे वडील विल्यम स्मार्ट यादवी युद्धातले माजी सैनिक. सहाव्या बाळंतपणात पत्नी गेल्यावर त्यांनी मुलं एकट्याने वाढवली. आईसाठी दिवस आहे तर अशा बापासाठी का नको, असा मुलीचा प्रश्न. तिला ५ जून, म्हणजे वडिलांचा वाढदिवस हवा होता; पाद्र्यांना तयारीला वेळ पुरेना, म्हणून १९ जून १९१० ठरला. मला विशेष वाटतं ते हे की तेव्हा स्मार्ट हयात होते.

तरीही आईच्या दिवसाला १९१४ मध्ये सरकारी मान्यता मिळाली आणि बापाच्या दिवसाला कायमची मान्यता मिळायला १९७२ उजाडलं. हे व्यापाऱ्यांचं खूळ आहे, अशी कुजबुज मधल्या काळात होतीच, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

साचा मोडायचं काम २००१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने केलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांवर वार्ताहरांनी घरच्यांशी बोलून छोटी टिपणं लिहिली. त्यांत बढत्या आणि पदव्यांपेक्षा माणसाच्या सवयींना, छंदांना आणि घरातल्या वागण्याला जास्त जागा होती. बँकेचा अधिकारी आणि हॉटेलातला आचारी यांना साधारण सारख्याच ओळी मिळाल्या.