रेस्क्यू झालेली घार आणि कायमची राहिलेली घार

राणीच्या बागेत जा नाहीतर बोरिवलीला नॅशनल पार्कात, आपल्याकडच्या एखाद्या प्राण्याच्या पिंजऱ्यापुढे दोन वाक्यं हमखास कानावर पडतात, एक म्हणजे "बिचाऱ्याला कोंडून ठेवलंय, सोडून द्या की" आणि दुसरं "बरं झालं वाचवला, आता आरामात राहील इथे". दोन्ही प्रेमापोटीच बोललेली, पण दोन्हीत घोळ तोच. रेस्क्यू केलेला प्राणी आणि परत सोडता न येणारा प्राणी हे आपण एकच धरून चालतो.

रेस्क्यू ही तात्पुरती गोष्ट आहे. बिबट्या विहिरीत पडला, घार मांजात अडकली, सोसायटीच्या मीटर रूममध्ये नाग निघाला, त्याला उचललं, तपासलं, धडधाकट असेल तर लगेच नाहीतर उपचार करून काही आठवड्यांनी परत सोडलं, विषय संपला. नॉन-रिलीजेबल म्हणजे सगळे उपाय करून झाल्यावर डॉक्टरने सांगितलं की हा बाहेर गेला तर स्वतःचं पोट भरू शकणार नाही, किंवा याच्यामुळे बाहेरच्या बाकीच्यांना धोका आहे. मग तो मरेपर्यंत माणसाच्या जबाबदारीवर. आणि हे कोणी आपल्या मनाने ठरवायचं नसतं बरं का, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ११ मध्ये स्पष्ट आहे की शेड्यूल एकमधला (म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतला) प्राणी पकडला तर त्याचं जंगलात पुनर्वसन होऊच शकत नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय त्याला बंदिस्त ठेवता येत नाही, आणि ती कारणं लेखी नोंदवावी लागतात. म्हणजे सोडणं हा नियम आणि ठेवणं हा अपवाद. हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे.

आता मुंबईतलं सगळ्यात रोजचं उदाहरण घेऊ, घार. संक्रांतीच्या आठवड्यात परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये मांजाने कापलेले पक्षी येत राहतात. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची २०१७ पासून बंदी आहे तरी तो मिळतो आणि लोक उडवतात, याचा मला मनापासून राग येतो. समजा एकाच दिवशी दोन घारी आल्या, दोघींचा एकेक पंख लोंबतोय, बघणाऱ्याला दोघी सारख्याच. पहिलीची मोठी पिसं कापली गेलीत, रक्त थोडं, हाड शाबूत. पिसं परत येतात, जुनी गळतात आणि नवी फुटतात, वेळ लागतो पण येतात. दुसरीच्या खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला जो कातडीचा पातळ पडदा असतो ना, त्याच्यात मांजा खोलवर गेलाय आणि आतली स्नायूची दोरी तुटलीय. हा पडदा ताणला जातो म्हणून पंख पूर्ण उघडतो, ती दोरी जुळली नाही किंवा सांधा आखडला तर जखम छान भरते, घार तरतरीत दिसते, मांस खाते, पण पंख पाऊणच उघडतो. घारीला पाऊण पंखाने चालत नाही, ती उडता उडता झडप घालून खाणं उचलणारी. बाहेर सोडली तर कावळेच तिला संपवतील.

म्हणून टाके सुकले की लगेच निकाल लागत नाही. छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवून बघतात, हाड टोचतं का, म्हणजे स्नायू किती उरलाय ते कळतं. मग लांब पिंजऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फेऱ्या, खालून वर चढता येतं का, वळता येतं का, उतरताना फांदी चुकते का, चार फेऱ्यांत चोच उघडी टाकून धापा टाकते का. हे सगळं जमलं तर ती रेस्क्यू झालेली घार, बाहेर जाणार. नाही जमलं तर दुसऱ्या प्रकारात.

आणि इथून पुढे दोघींना वागवायची पद्धत एकदम उलटी होते, ते मला खूप महत्त्वाचं वाटतं. जिला सोडायचंय तिच्या पिंजऱ्याला हिरवं शेडनेट किंवा चादर लावलेली, आत माणूस मोजक्याच वेळा जाणार तेही न बोलता, खाणं ठेवलं की बाहेर. लाडाचं नाव नाही, फोटो नाही, पाहुणे नाहीत. माणूस दिसला की तिने भडकून लांब जायला हवं, चोच उगारली तर उलट बरं. जी कायमची राहणार तिला मात्र माणसाची भीती रोज वाटत राहिली तर ती जाळीवर आपटून चांगला पंखही फोडून घेईल. म्हणून कीपर तिच्याशी बोलतो, तिला नाव असतं, शिट्टी दिली की वजनकाट्यावर यायला शिकवतात म्हणजे दर वेळी टॉवेल टाकून दाबून धरावं लागत नाही. फांद्या शिडीसारख्या खालून वर लावलेल्या, उड्या मारत चढता यावं म्हणून, आणि वेगवेगळ्या जाडीच्या, काहींवर काथ्या गुंडाळलेला. कारण न उडणारा शिकारी पक्षी दिवसभर पायांवरच उभा असतो, एकाच गुळगुळीत दांड्यावर बसून तळव्याला फोड येतात, ते पिकतात आणि त्यातच पक्षी जातो. मी तर अशा पिंजऱ्यापुढे आधी फांद्या बघतो, सगळ्या एकाच जाडीचे लोखंडी पाइप दिसले की तिथे काळजी कशी घेतात ते समजतं.

म्हणजे बघा, जो लळा कायम राहणाऱ्या घारीला जगवतो तोच सोडायच्या घारीला बरबाद करतो. प्राणी धडधाकट असूनही सोडता येत नाही अशा कितीतरी केसेस फक्त लळ्याच्या असतात. मे महिन्यात झाडाखाली पिल्लू दिसलं, आईबाप वरच आहेत पण आपण आल्यामुळे लांब बसलेत, आपण ते घरी आणतो, दूध-पोळी भरवतो, मुलं खांद्यावर घेऊन फिरवतात. ते पिल्लू मोठं होतं पण त्याला शिकार येत नाही, आपल्या जातीची ओळख नाही, भूक लागली की माणसाकडे येतं. पंख व्यवस्थित, एक्स-रे व्यवस्थित, तरी नॉन-रिलीजेबल. माकडाच्या पिल्लाचं तर याहून वाईट, ते मोठं झालं की चावायला लागतं आणि मग तेच घरवाले फोन करतात की घेऊन जा. पोपटांचं जरा बरं असतं, पाळलेला पोपट (कायद्याने आपले देशी पोपट पाळताच येत नाहीत, तरी घरोघरी आहेत) दुसऱ्या पोपटांबरोबर मोठ्या पिंजऱ्यात काही महिने ठेवला तर पुष्कळदा परत उडायला आणि थव्यात राहायला शिकतो, पण वर्षानुवर्षं नुसत्या मिरच्या-पेरूवर आणि छोट्या पिंजऱ्यात काढली असतील तर हाडंच ठिसूळ झालेली असतात.

बिबट्याच्या बाबतीत लोक जुन्नरच्या उसात काय करतात ते बघण्यासारखं आहे. ऊसतोडीत बछडे सापडले की त्यांना रेस्क्यू सेंटरला नेऊन बाटलीने वाढवायच्या ऐवजी तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, सगळे लांब होतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. आई न्यायला आली म्हणजे ते बछडे रेस्क्यूच्या खात्यात राहिले. आई आलीच नाही तर बहुतेक आयुष्यभर पिंजरा. मोठ्या बिबट्याचं वेगळंच दुखणं, सापळ्याच्या पिंजऱ्यात अडकल्यावर तो गज चावत बसतो आणि सुळे तुटतात, म्हणजे पकडल्यामुळेच तो न सोडता येणारा होऊ शकतो. म्हणून बिबट्या नुसता दिसला की पिंजरा लावा अशी मागणी करणाऱ्यांनी जरा थांबावं.

धडधाकट बिबट्या सोडला तर काय होतं याचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या काढला, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेयांच्या टीमने त्याला जीपीएस कॉलर लावली, आजोबा नाव ठेवलं आणि माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या नॅशनल पार्कच्या बाजूला आला. २०११ च्या शेवटी हायवेवर गाडीच्या धडकेने गेला, पण मधला सगळा काळ तो स्वतःच्या मर्जीने जगला. त्याला नाव होतं तरी तो कोणाचा पाळीव नव्हता.

अजून एक प्रकार आहे ज्यात प्राण्याला काहीच झालेलं नसतं. घरात शुभ म्हणून ठेवलेली स्टार कासवं. ही कोरड्या, झुडपी भागातली, तस्करीत पकडलेली, २०१९ पासून तर त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आहे. पकडलेलं कासव नेमकं कुठून आणलं ते बऱ्याचदा कळत नाही, गुजरात-राजस्थानकडचं की दक्षिणेतलं, आणि दाटीवाटीने ठेवल्यामुळे अंगात कुठला आजार असेल सांगता येत नाही. असं कासव बोरिवलीच्या दमट पावसाळी जंगलात सोडणं म्हणजे त्याला मारणंच, आणि सोबत तिथल्या कासवांनाही आजार देणं. योग्य जागा आणि तपासण्या होईपर्यंत ते पिंजऱ्यातच बरं.

झू आणि रेस्क्यू सेंटर यातही लोकांची गल्लत होते, पण ते एवढं अवघड नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या व्याख्येत रेस्क्यू सेंटरही झूमध्येच मोडतं, फरक इतकाच की ते प्रेक्षकांसाठी नसतं. छोट्या झूमध्ये जो देशी प्राणी समोर दिसतो तो बहुतेकदा झूमध्येच जन्मलेला तरी असतो किंवा कायमचा राहिलेला. त्यामुळे पाटीवर कारण लिहिलेलं नसेल तर कीपरला विचारा, याला का नाही सोडलं? चांगल्या ठिकाणी याचं उत्तर लगेच मिळतं, कुठे सापडला, काय तुटलं, कोणी तपासला.

आणि तुमच्या हाती जखमी पक्षी आला तर तो पहिल्या प्रकारात राहावा यासाठी एवढं करा. अंगावर टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, रुतलेला मांजा ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापून मधला तुकडा तसाच राहू द्या. चोचीत पाणी-दूध ओतू नका, मुलांना दाखवायला खोकं उघडू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथे फोन करा. आणि पक्षी नेमका कुठे मिळाला ते लिहून ठेवा, कुठली बिल्डिंग, कुठलं झाड, कारण बरी झालेली घार तिथेच सोडायची असते, संक्रांतीच्या दिवसांत तिच्या घरट्यात अंडी किंवा पिल्लं असू शकतात.