भिंतीपलीकडचे पाणी

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीच्या काठावरील वस्त्यांमध्ये पाणी शिरले. अशा वेळी पूर ओसरताच पंप लावून तळघर कोरडे करण्याची घाई होणे अगदी स्वाभाविक आहे. मात्र तुडुंब भरलेले तळघर एका दमात उपसले, तर पुरात तगलेली भिंत पूर ओसरल्यावर कोसळू शकते.

तळघरात पाणी असते तेव्हा आतला दाब बाहेरच्या दाबाला तोलून धरतो. पाण्याच्या दर मीटर खोलीमागे दाब प्रति चौरस मीटर सुमारे 1 टनाने वाढतो. अडीच मीटर खोल तळघराभोवतीची जमीन पाण्याने पूर्ण भरलेली असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकट्या पाण्याचाच रेटा तीन टनांच्या वर जातो. मातीचा भार त्याखेरीज. आतले पाणी काढून घेतले की हा सारा रेटा एकट्या भिंतीवर येतो, आणि फरशीलाही खालून वर उचलणारा दाब सोसावा लागतो. म्हणून बाहेरचे पाणी ओसरल्यावर आतली पातळी फूटभर उतरवावी, भिंतीवर खूण करावी आणि रात्रभर थांबावे. सकाळी पाणी खुणेच्या वर चढलेले दिसले, तर जमीन अजून भरलेली आहे असे समजून उपसा थांबवावा. वीजपुरवठा मुख्य स्विचपासून बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्या पाण्यात पाऊलही टाकू नये. मीटर किंवा स्विच तळघरातच असेल, तर हे काम वीज कर्मचाऱ्यांवर सोपवावे.

पूर क्वचित येतो, पण पाझर दर पावसाळ्यात येतो आणि नागपूरची काळी माती त्याला विशेष साथ देते. या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाच्या खनिजाचे थर पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि उन्हाने वाळली की आक्रसते. मे महिन्यात घराच्या कडेने जोत्यालगत बोट जाईल एवढी भेग पडलेली अनेकांनी पाहिली असेल. पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी त्याच भेगेतून थेट पायाकडे उतरते, त्यानंतर माती फुगून भिंतीला रेटू लागते. त्यातच तळघर बांधताना खणलेल्या खड्ड्याची भिंतीबाहेरची जागा बहुधा सैल मातीने बुजवलेली असते. सभोवतालची घट्ट काळी माती पाणी सहजी सोडत नाही, त्यामुळे भिंतीभोवती जणू एक हौदच तयार होतो आणि पाऊस थांबल्यावरही ओल आत येत राहते.

भिंतीवर उमटणारा पांढरा लोणा ही या प्रवासाची खूण आहे. पाणी काँक्रीट, विटा आणि मातीतील क्षार विरघळवून आणते, पृष्ठभागावर आल्यावर ते उडून जाते आणि क्षार मागे उरतात. गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांत त्यांचे स्फटिक वाढू लागले की पोपडे सुटतात. इथवरचे नुकसान वरवरचे म्हणता येईल. खरी काळजी सळयांची असते. ताज्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) साडेबाराच्या आसपास असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात लोखंडावर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपल्याने सामू 9 च्या आसपास घसरतो आणि तो थर नाहीसा होतो; मग ओल आणि प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते. सळईच्या रेषेत सरळ जाणारी, तपकिरी डाग असलेली भेग दिसली, तर रंगाऱ्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

आरोग्याचे नुकसान याहून लवकर सुरू होते. भिजलेल्या वस्तूंवर 24 ते 48 तासांत बुरशी वाढीस लागते. आपल्याकडे उन्हाळा संपला की कूलर, वाळ्याच्या ताट्या, जुनी पुस्तके आणि गाद्या तळघरात रचून ठेवण्याची रीत आहे. गवत, कागद आणि कापूस हे बुरशीचे आयते अन्न आहे. तिचे बीजाणू तळघरातच राहत नाहीत, कारण तिथली हवा जिन्यावाटे वरच्या खोल्यांत चढते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये घरातील ओल आणि बुरशीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांमध्ये दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, असे त्यांत नमूद आहे. घरातील मुलाचा खोकला पावसाळ्यात हटत नसेल, तर डॉक्टरांना तळघराच्या ओलीबद्दल आवर्जून सांगावे. पाणी गटाराचे असेल किंवा तिथे उंदरांचा वावर असेल, तर उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचाही धोका असतो, म्हणून गमबूट आणि हातमोजे घालूनच सफाई करावी. ब्लीचिंग पावडर आणि फरशीचे ॲसिड कधीही एकत्र वापरू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद तळघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

दुरुस्तीपूर्वी एक सोपी परीक्षा करावी. भिंत पुसून तिच्यावर हातभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि दोन दिवसांनी पाहावा. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील, तर ते दमट हवेतून आलेले असतात आणि वायुवीजनाने बराच फरक पडतो. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील, तर पाणी बाहेरून येत आहे. अशा भिंतीला आतून पुट्टी आणि रंग लावून घेणे मला पैशाचा अपव्ययच वाटतो, कारण मागून येणारे पाणी तो थर ढकलून पाडते. त्याआधी छताच्या पाण्याचे पाइप भिंतीपासून दूर न्यावेत, अंगणाचा उतार घराबाहेरच्या दिशेने करून घ्यावा आणि जोत्यालगतच्या भेगा पावसापूर्वी बुजवाव्यात. त्यानंतरही पाझर राहिलाच, तर भिंत बाहेरून उघडी करून वॉटरप्रूफिंग करावे लागते आणि तळाशी खडीत छिद्रांचा पाइप टाकून पाण्याला वाट द्यावी लागते. हे काम खर्चिक आहे, आणि नागपुरात ते एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असतानाच उरकावे लागते.