फरसबी शिजत नाही? फोन करण्याआधी हा कागद वाचा

नमस्कार.

भाजी कशी करायची हे शिकवायला हा कागद छापलेला नाही. वेंगुर्ल्यात कोणाला फोडणी शिकवायची म्हणजे रापणकराला जाळं दाखवायचं. पण गेल्या दीड-दोन वर्षांत आम्ही निवडून-चिरून घरपोच देतो त्या फरसबीच्या पाकिटांबद्दल एकच फोन इतक्या वेळा आलाय की आता मोबाईलवर नाव दिसलं की पलीकडचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. "ताई, कालची फरसबी जून होती. अर्धा तास झाला, शिजतच नाही."

सुरुवातीला आम्ही मुकाट्याने पाकीट बदलून द्यायचो. गिऱ्हाईक देव, वाद कशाला? पण सकाळी साडेपाचला भाजीच्या क्रेट उघडायच्या, चौघींनी बसून निवडायची, चिरायची, आणि दुपारी स्कूटर काढून एका पाकिटासाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं, हे काही परवडेना. मग मी फोनवर एक प्रश्न विचारायला लागले: "टोमॅटो केव्हा घातलात?" दहातल्या आठ जणी म्हणतात, "सुरुवातीलाच, कांद्याबरोबर परतून." उरलेल्या दोघींनी आमसूल घातलेलं असतं.

गोम तिथेच आहे. शेंग शिजेपर्यंत तिला आंबट लागू देऊ नका. टोमॅटो, आमसूल, आगळ, चिंच, लिंबू, कैरी, दही, काहीच नको. आधी शेंग शिजवा, मग हवं तेवढं आंबट करा.

कारण सांगते. शेंगेच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. पेरूची जेली ज्याने धरते तेच हे. उष्णतेने पेक्टिन हळूहळू सुटत जातं, पेशींची पकड ढिली होते आणि शेंग बोटात दबते. शिजणं म्हणतो ते हेच. आंबटात हे पेक्टिन सुटायला फार वेळ घेतं. तुम्ही गॅस मोठा करा, पाणी वाढवा, कुकरला लावा, शेंग आपली करकरीत ती करकरीतच. आता मला सांगा, तुरीची डाळ आपण चिंच घालून कुकरला लावतो का? डाळ घोटून झाली की मगच चिंचेचा कोळ घालतो. तो नियम आपल्या हाताला माहीत आहे, फक्त शेंगेच्या बाबतीत आपण तो विसरतो. गुळाचंही थोडंफार असंच, गोडानेसुद्धा शेंग मऊ व्हायला वेळ लागतो. म्हणून गूळही मागाहून. मिठाचा मात्र काही दोष नाही, ते सुरुवातीला घातलं तरी चालतं. "मिठाने शेंग कडक होते" असं मलाही कोणीतरी सांगितलं होतं. मी दोन्ही करून पाहिलं, फरक पडला नाही.

रंगाचंही तेच. हरितद्रव्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असतं. आंबटाबरोबर तापलं की ते निसटतं, आणि हिरवीगार शेंग पोलिसाच्या गणवेशासारखी खाकी होते. मग "भाजी शिळी होती" हा दुसरा फोन.

गेल्या चतुर्थीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन पंगतीच्या वेळेला, एका चाकरमान्यांच्या घरून फोन आला. सतरा माणसं जेवायची, आमची दोन किलो फरसबी गॅसवर, आणि सुनेचा आवाज रडवेला. मागून आजींचं चालूच होतं, "काय गो, जून शेंगो दिलंस?" मी त्याच क्रेटमधली अर्धा किलो घेऊन निघाले. त्यांच्याच स्वयंपाकघरात दोन कढया ठेवल्या, सारखं तेल, सारखी फोडणी. एकीत त्यांच्या पद्धतीने आधी टोमॅटो परतला आणि मग पाव किलो शेंगा टाकल्या. दुसरीत नुसत्या शेंगा. बारा मिनिटांनी आजींनाच सांगितलं, बघा. त्यांनी दुसऱ्या कढईतली शेंग उचलली, अंगठ्याने दाबली, गर बाहेर आला. पहिलीतली दाबली तर ती चिमटीतून उडून ओट्यावर पडली. आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मगे टोमॅटोन घात केल्यान." सतरा माणसांच्या भाजीत मग पाणी आणि खवलेला नारळ वाढवून, आणखी वीस मिनिटं शिजवून ती रसभाजी म्हणून वाढली. पाकीट बदलून द्यावं लागलं नाही, पण माझं जेवण चार वाजता झालं.

आता आम्ही घरी करतो ती साधी भाजी. पाकीट पाव किलोचं आहे, तीन-चार माणसांना तोंडी लावायला पुरतं. कढईत दोन चमचे तेल तापवा (घाण्यावरचं खोबरेल असेल तर उत्तम, नसेल तर रोजचं चालेल). मोहरी तडतडली की हिंग, चमचाभर उडदाची डाळ, ती तांबूस झाली की दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून आणि कढीलिंब. हळद चिमूटभरच. जास्त झाली तर हिरवा रंग मार खातो. लगेच शेंगा आणि मीठ घालून मोठ्या आचेवर परता.

आणि इथे घाई करू नका. पहिली तीन मिनिटं झाकण ठेवायचं नाही. शेंगेच्या स्वतःच्या अंगातही थोडं आम्ल असतं, ते तापल्यावर वाफेबरोबर निघून जातं. लगेच झाकलंत तर तीच वाफ झाकणाला लागून थेंबाथेंबाने परत भाजीत पडते. तीन मिनिटांनी पाण्याचा एक हबका मारा, आच मंद करा आणि खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. हे आपल्या आज्यांचंच तंत्र आहे. वरच्या पाण्याने झाकण गार राहतं, आतली वाफ पाणी होऊन शेंगांवर पडत राहते आणि भाजी अंगच्या ओलाव्यावर शिजते, खाली लागत नाही. मध्ये कोरडी वाटलीच तर झाकणातलं ते गरम पाणी पळीभर आत घाला. नळाचं थंड पाणी ओतू नका, शिजत आलेली भाजी तिथल्या तिथे बसते.

बारीक गोल चिरलेलं पाकीट असेल तर झाकल्यापासून आठ-नऊ मिनिटं पुरतात. तिरक्या लांब कापांना बारा-तेरा. घड्याळापेक्षा बोट बरं. एक काप दाबून बघा, आणि दबला की मगच गूळ, आमसूल किंवा टोमॅटो. टोमॅटो घालायचाच असेल तर तो वेगळा परतून, मऊ करून वरून घाला. शेवटी अर्धी वाटी नारळाचा चव, एकदा खालीवर करून गॅस बंद. नारळ फार शिजवला की त्याचा गोडवा जातो आणि चोथा तेवढा दातात येतो.

काही जण रंग टिकावा म्हणून खायचा सोडा घालतात. रंग टिकतो, खरं आहे. पण सोडा आंबटाच्या उलट टोकाचा, त्यामुळे पेक्टिन भराभर सुटतं आणि शेंगेचा लगदा होतो. वर जीवनसत्त्वही जातं, साबणासारखी चव येते. आमच्याकडून भाजी नेऊन त्यात सोडा घातलेला आम्हाला आवडत नाही, एवढंच सांगते. कुकरची शिट्टीही नको.

किनाऱ्यालगतच्या ज्या घरांत विहिरीला मचूळ पाणी आहे, त्यांनी भाजीला प्यायचं पाणी वापरावं. जड पाण्यातही शेंग लवकर मऊ होत नाही. तुमची डाळ एरवीही वेळ घेत असेल तर कारण तेच असेल.

हल्ली मुंबईहून येणारी मंडळी कच्ची फरसबी कोशिंबिरीत घालू का, असं विचारतात. नको. फरसबी म्हणजे राजम्याच्याच झाडाची कोवळी शेंग. साताऱ्याकडचा नावाजलेला वाघ्या घेवडा त्याच जातकुळीतला. पुण्यात आपल्या फरसबीला श्रावणघेवडा म्हणतात, भाजी तीच. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं जे द्रव्य असतं ते कच्च्या शेंगेतही कमी प्रमाणात असतं. नीट शिजल्यावर ते जातं. कोशिंबीर करायचीच असेल तर शेंगा उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, निथळा, गार करा आणि लिंबू मग पिळा. लिंबू मग, हे पुन्हा आलंच.

आता आमच्या बाजूचं थोडं. "बाजारात सुटी फरसबी स्वस्त मिळते, तुमची महाग का?" हा प्रश्न तोंडावर विचारणारे कमी, पण मनात असतो. सुट्या किलोभर शेंगांतून देठ, शेंडे, शिरा आणि किडकं काढलं की आमच्याकडे शंभर-सव्वाशे ग्रॅम कमी होतं. ते वजन तुम्ही बाजारात मोजता, आमच्याकडे मोजत नाही. शिरा काढताना शेंग मधोमध मोडून बघतो. टचकन मोडली तर घेतो, वाकली तर बाजूला. फुगून आतला दाणा हाताला लागला तर ती जून, ती आमच्याच घरी उसळीला जाते. तरीही पाकिटात एखादी चुकून येते, माणसंच निवडतात. पण पाकीटभर जून निघणार नाही, याची खात्री मी देते.

दुसरी तक्रार, "भाजी धुतलेली नाही का?" शेंगा अख्ख्या असतानाच धुतो, कापडावर पसरून पंख्याखाली कोरड्या करतो आणि मगच चिरतो. चिरल्यावर धुतलं की कापातून पाणी आत शिरतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत दुसऱ्या दिवशी पाकीट बुळबुळीत. तेव्हा घरी नेऊन पुन्हा धुवायचं असेल तर कढई तापत ठेवल्यावर धुवा. धुऊन परत पाकिटात भरू नका. फ्रीजमध्ये खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या खणाजवळ नको. फरसबीला पाच अंशांच्या खालची थंडी सोसत नाही, अंगावर गंजासारखे डाग पडतात. चिरलेली भाजी दुसऱ्या दिवशीपर्यंत संपवावी. अख्खी, निवडलेली घेतलीत तर आठवडाभर राहते. रोज बाजाराला जाणं होत नसेल त्यांनी तीच न्यावी, चिरायला दहा मिनिटं लागतात.

भाजी कुठून येते, असं विचारतात. थंडीत भातकापणीनंतर इथल्या वाड्यांमधून थोडी मिळते, ती पहिली आम्ही उचलतो. बाकीचे महिने बेळगाव-कोल्हापूरकडून घाट उतरून येते. जुलै-ऑगस्टात आंबोली घाटात दरड आली की गाडी अडकते आणि आमचंही अडतं. अशा दिवशी आदल्या रात्रीची शिळी फरसबी चालवण्यापेक्षा आम्ही गावठी वाली देतो, म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, आणि तसं आधी फोन करून विचारतो. कृती तीच. वाली मुळात फरसबीपेक्षा लवकर शिजते, झाकल्यावर सात मिनिटांनी बघा. खरं सांगायचं तर खोबरेलाच्या फोडणीत मला वालीच जास्त आवडते, पण मागणी फरसबीला.

चतुर्थीच्या ऑर्डरी आठ दिवस आधी द्याव्यात. पाच किलोच्या वर असेल तर चिरलेली नेण्यापेक्षा निवडलेली अख्खी न्या आणि घरात जमलेल्या भाच्या-पुतण्यांना कामाला लावा. तेवढी चिरलेली भाजी रात्रभर ठेवायला कुणाच्या फ्रीजमध्ये जागा नसते. नारळाचा चव मात्र त्याच दिवशी सकाळी खवून देतो. आदल्या दिवशीचा मागू नका, मिळणार नाही. एरवी रात्री आठपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप केलंत की सकाळी साडेनऊच्या आत पाकीट दारात.

आणि एक. गेल्या चतुर्थीपासून प्रत्येक पाव किलोच्या पाकिटासोबत दोन आमसुलांची छोटी पुडी फुकट देतो. आमसूल आमच्याच अंगणात वाळवलेलं आहे, पावकिलोच्या पिशवीतही मिळतं. पुडीची गाठ इतकी घट्ट का बांधता, असं परवा एकीने विचारलं. ती सोडवायला नखाने झटावं लागतं, आणि तेवढ्यात शेंग शिजते.